जेल नेलपेंट काढायचा सेट: क्लिपांना दीड स्टार, स्वयंपाकघरातल्या फॉइलला पाच

सोमवारी सकाळी आठला मिरजेला ॲडमिट व्हायचं आणि रविवारी दुपारी चार वाजता आमच्या नणंदेच्या दहाही बोटांवर चकचकीत जेल नेलपेंट. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन, पण कागदावर स्पष्ट लिहिलेलं की नखांवर रंग नको. का नको, तर ती ऑक्सिजन मोजायची क्लिप बोटाला लावतात ना, ती बोटातून उजेड आरपार सोडून मोजते, वर गडद रंग असला की आकडा चुकू शकतो, शिवाय नखं निळसर पडतायत का हे डॉक्टरांना नुसत्या डोळ्यानं पण बघायचं असतं. हे सगळं तिला शुक्रवारीच सांगितलेलं. बाईसाहेबांना आठवलं रविवारी, ते पण मी चहा देताना तिच्या हाताकडं बघितलं म्हणून.

जिथं लावून घेतलेलं त्या पार्लरला फोन केला तर लग्नसराई, म्हणे बुधवारी या. बुधवारी म्हणजे ती टाके घेऊन घरी आलेली असणार. दुसऱ्या एका पार्लरमध्ये जागा होती पण तिथं मी तिला जाऊ दिलं नाही, कारण मागच्या पावसाळ्यात माझं जेल तिथं काढलेलं, भिजवायला पाच मिनिटं पण न ठेवता त्या मुलीनं लोखंडी पट्टीनं खरवडून काढलं आणि जिथं निघेना तिथं मशीन फिरवलं. घरी आले तर नखं कागदासारखी, गरम भांड्याला हात लागला की झिणझिण्या. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे बुडापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने धरा, आणि अंगठ्यावरचा तो खरवडलेला खड्डा वर सरकत सरकत टोकाला येईपर्यंत संक्रांत आली. दर महिन्याला बघायचे कुठवर आलाय ते. त्यामुळं यावेळी ठरवलं, घरीच.

सांगलीतच मारुती रोडला एका बांगड्या-कॉस्मेटिकच्या दुकानात गेलो. दादांनी पहिल्यांदा हातात दिलं ते गुलाबी रिमूव्हर, "ॲसिटोन फ्री आहे ताई, सॉफ्ट असतं." ॲसिटोन म्हणजे नेलपेंट काढायचं ते उग्र वासाचं, भराभर उडून जाणारं पातळ औषध, ते ह्यात नसतं. दादांची चूक नाही, साध्या नेलपेंटला ते गुलाबी चालतं. पण जेलवर ते ओता नाहीतर त्यात आंघोळ करा, काही होत नाही. साधं नेलपेंट नुसतं वाळलेलं असतं, त्यातला पातळ भाग उडून जातो आणि रंग राहतो, म्हणून रिमूव्हर लावला की परत पातळ होतं. जेलचं तसं नाही, ते यूव्ही दिव्याखाली घट्ट होतं, आतल्या आत त्याची जाळी विणली जाते आणि ती जाळी परत सुटत नाही. ॲसिटोन पण ते विरघळवत नाही बरं का, ते आत शिरून जेलला फुगवतं आणि नखावरची पकड सैल करतं. बदाम रात्रभर भिजवला की साल कशी बोटानं सरकते आणि कोरडा सोलायला गेलं की नखं तुटतात पण साल निघत नाही, अगदी तेच. हे एवढं डोक्यात बसलं ना की बाकीचं सगळं आपोआप कळतं, भिजू द्यायचं, ओढायचं नाही.

तर बिल असं झालं. प्युअर ॲसिटोन १०० मिली ११० रुपये, नखावर ओला कापूस दाबून धरायच्या दहा प्लॅस्टिकच्या क्लिपांचा सेट १५०, एक "मॅजिक रिमूव्हर" १८०, नखाची कानस २०, लाकडी काडी १०. एकूण ४७०. यातले ३३० फुकट गेले, कुठले ते सांगते.

आधी मॅजिक. ब्रशनं लावायचं, पाच मिनिटात जेल फुगून आपोआप उचकटतं असं खोक्यावरचं चित्र. खोक्यावर फुलं आहेत, "नॅचरल" लिहिलंय, आत काय घातलंय ते मात्र कुठल्याच बाजूला नाही, चष्मा लावून बघितलं, मोबाईलच्या टॉर्चनं बघितलं. ऑपरेशनच्या पेशंटवर कशाला प्रयोग, म्हणून आधी माझ्या करंगळीवर लावलं, माझ्या पण नखांवर जेल होतं (लग्न तिच्या मावसबहिणीचं, आम्ही दोघींनी एकदमच करून घेतलेलं). वरचा थर सुरकुतला खरा पण खालचा रंग ढिम्म हलला नाही, आणि नखाच्या कडेला जिथं जरा कातडीला लागलं तिथं असं चरचरलं की पळत जाऊन नळाखाली बोट धरलं. दोन दिवस तिथं लाल होतं. शून्य स्टार. ज्याच्यावर घटक लिहिलेले नाहीत ते कातडीजवळ नेऊ नका, कितीही फुलं काढलेली असू देत.

मग ॲसिटोन. ह्याला मी साडेचार स्टार देते आणि अर्धा कापते तो वासाचा आणि भीतीचा. भीती कशाची ते ऐका. आम्ही हॉलमध्ये बसलेलो, खिडक्या उघड्या, पंखा बारीक, बाटली उघडी, वाटीत थोडं काढून घेतलेलं. सहा वाजत आलेले. आईंनी नेहमीप्रमाणं देवापुढं दिवा लावायला काडेपेटी हातात घेतली आणि देवघर आमच्यापासून पाच-सहा पावलांवर. मी एवढ्या जोरात "आई थांबा!" म्हणून ओरडले की नणंदेच्या हातातलं फॉइल उडालं. ॲसिटोन पेटायला उन्हाळा लागत नाही, शून्याच्या खाली वीस डिग्रीला पण त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड, वर जात नाही, फरशीवरून सरपटत लांब जाते. म्हणजे गॅस, दिवा, उदबत्ती, मच्छर कॉइल काहीच नको त्या खोलीत. शेवटी आम्हीच सगळं उचलून मागच्या गॅलरीत गेलो, बाटलीला घट्ट झाकण लावलं, अर्धा तास घर मोकळं होऊ दिलं आणि मग आईंनी दिवा लावला, "तुमच्या नखांपायी देवाला उशीर" असं ऐकवून.

दुसरा गोंधळ माझाच. गॅलरीत जाताना काचेची वाटी आतच राहिली म्हणून कपाटातला एक जुना थर्माकोलचा द्रोण घेतला आणि त्यात ॲसिटोन ओतलं. डोळ्यादेखत द्रोणाचा तळ बसला, सुं असा बारीक आवाज आला आणि उरला तो पांढरा चिकट गोळा, च्युइंगम चघळून टाकल्यासारखा. थर्माकोल आणि ॲसिटोनचं असंच असतं, हे मला बारावी सायन्सला माहिती असायला पाहिजे होतं. वाटी काचेची किंवा स्टीलची. आणि डायनिंग टेबलवर हे उद्योग करू नका, पॉलिश जातं. प्लॅस्टिकच्या बांगड्या, चष्मा, मोबाईलचं कव्हर सगळं लांब.

आता काढायचं कसं ते. सगळ्यात महत्त्वाचं काम कानशीचं आणि तेच सगळे विसरतात, मी पण पहिल्या वेळी विसरलेले. जेलचा वरचा टॉपकोट काचेसारखा असतो, त्यातून ॲसिटोन आत जातच नाही, मग तुम्ही अर्धा तास बसा नाहीतर रात्रभर बसा. कानशीनं हलक्या हातानं फक्त चकाकी घालवायची, नख धुरकट दिसायला लागलं आणि पांढरी पिठी पडली की थांबायचं. खालचा रंग दिसतोय तोवरच थांबायचं, खरं नख दिसलं म्हणजे तुम्ही जास्त घासलंत. नखाच्या भोवती कातडीला व्हॅसलीन थापायचं, नखावर नाही. मग कापसाचा नखाएवढाच तुकडा (सबंध बोळा घेतला की बोटभर कातडी भिजते आणि पांढरी फटक पडते), तो ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर आणि वरून फॉइल गुंडाळायचं. फॉइल कशाला, तर ॲसिटोन भराभर उडतं, झाकलं नाही तर कापूस कोरडा पडून नखालाच चिकटतो.

इथंच क्लिपा कामाला येतात म्हणे. दीड स्टार. एका हाताला क्लिपा आणि एका हाताला फॉइल असं मुद्दाम करून बघितलं. अंगठ्याला क्लिप इतकी घट्ट की ती म्हणाली "वहिनी बोट काळं पडतंय", करंगळीला इतकी सैल की हात खाली केला की टपकन पडायची. बाजूनं फट राहते, त्यातून ॲसिटोन उडून जातं आणि पंधरा मिनिटांनी बघितलं तर क्लिपेचा कापूस वाळलेला, फॉइलचा ओलाच. वर एका क्लिपेचं प्लॅस्टिक आतून चिकट झालेलं. दीड स्टार देते तो एवढ्यासाठी की दुसऱ्या हाताला स्वतःचं स्वतः फॉइल गुंडाळणं खरंच अवघड जातं, एकटीच असाल तर उजव्या हाताला क्लिपा बऱ्या. पण घरात दुसरं माणूस असेल तर पोळ्या गुंडाळायचं फॉइल घ्या, साधारण तीन इंचाचे दहा तुकडे कापून ठेवा, दीडशे रुपये वाचतील.

पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. थंडी असेल तर फॉइल गुंडाळलेला हात टॉवेलवर आणि खाली गरम पाण्याची पिशवी, त्यानं लवकर होतं, पण ॲसिटोन स्वतः कधीही गरम करायचं नाही, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही, दिव्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. मग एकच फॉइल काढून बघायचं, सगळी एकदम काढायची नाहीत. जेल दुधावरच्या सायीसारखं सुरकुतून कडेनं सुटलेलं दिसलं की लाकडी काडीनं बुडाकडून टोकाकडं अलगद ढकलायचं. सायीसारखं सरकलं तर ठीक, अडलं तर परत ओला कापूस, परत पाच मिनिटं. तिच्या आठ नखांचं पहिल्या फेरीत निघालं, दोन अंगठ्यांना तीन फेऱ्या लागल्या. तिला तेवढा पण धीर नाही, गप्पा मारता मारता एका बोटाचं टोक धरून सोलायला लागलेली, मी हातावर चापट मारली. सोलून निघतं ना तेव्हा ते एकटं निघत नाही, नखाचा वरचा पापुद्रा घेऊन निघतं, तोच पातळपणा आणि त्याच झिणझिण्या.

दोघींचं मिळून दोन तास लागले आणि १०० मिलीतलं निम्मं उरलं. पार्लरमध्ये दोघींचे सहा-सातशे झाले असते. हे सगळं साध्या जेलपेंटचं झालं हं, वरून नख लांब करून घेतलेलं असेल, एक्सटेन्शन वगैरे, तर त्यातलं हार्ड जेल ॲसिटोननं भिजून निघत नाही, घासूनच काढावं लागतं, ते घरी नको. नखाशेजारी जखम असेल, पिकलेलं असेल, इसब असेल तरी पण नको.

काढल्यावर नखं बघून ती घाबरली, पांढरी, खडू लावल्यासारखी. ॲसिटोन नखातलं तेल आणि ओल ओढून घेतं म्हणून तशी दिसतात. साबणानं हात धुवायचे आणि खोबरेल तेल चोळायचं. पार्लरवाले त्यासाठी छोट्या बाटलीतलं क्युटिकल ऑइल विकतात, आमच्याकडं खोबरेलाची बाटली होती, तेच लावलं, फरक काही दिसला नाही. त्या रात्री निजताना मात्र तिला नीट पुसायला लावलं, सकाळी ऑपरेशन, तेलकट बोटं घेऊन कशाला जायचं.

माझी फजिती दुसऱ्या दिवशी झाली. ती मिरजेला, आणि मी घरी डब्यासाठी घाईत पिठल्याला हळद घातली, डबा उपडा करताना बोटं भरली. कोरडी पडलेली नखं लगेच रंग पितात. २०१८ ला जीआय टॅग, म्हणजे त्या-त्या भागाच्या खास मालाचा सरकारी शिक्का, मिळालेली आपली सांगलीची हळद, रंगाला कुठं कमी पडतेय! दहापैकी चार नखं पिवळीजर्द, तशीच दवाखान्यात गेले तर सिस्टरनी माझ्याकडं बघून विचारलं, "कावीळ झालीय का?" ॲसिटोननं हळदीचा डाग पण निघतो, पण परत तेच चोळून नखं आणखी कोरडी करायची म्हणजे कठीण, मी आठ-दहा दिवस पिवळी नखं घेऊन हिंडले. तर एक-दोन दिवस फोडणी दुसऱ्याला घालू द्या नाहीतर हातमोजे घाला. तसं लग्नातल्या हळदीत पण आमच्या दोघींचं फिकट गुलाबी जेल पिवळट पडलेलंच, तेव्हाच काढून टाकलं असतं तर रविवारची ही वेळ आली नसती.

दुकानाला तीन स्टार. दादा चांगले, प्युअर ॲसिटोन मागितल्यावर आतून काढून दिलं, बाटलीवर घटक आणि "ज्वलनशील" नीट लिहिलेलं. पण मॅजिकवाली बाटली त्यांनी स्वतःहून पुढं केली, ते खोकं मी नंतर परत नेऊन दाखवलं तर म्हणाले उघडलेला माल परत नाही. घटकच लिहिलेले नाहीत हे त्यांना पण तेव्हाच कळलं असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

नणंद बरी आहे, टाके निघाले, नखं मोकळीच ठेवलीयत. क्लिपा साबणानं दोन वेळा धुऊन उन्हात वाळवल्या तर वास गेला, ती चिकट झालेली टाकून दिली, उरलेल्या नऊ आईंनी गॅलरीतल्या दोरीवर रुमाल आणि मोजे अडकवायला घेतल्या. मोज्याला बरोबर बसतात.