शिरवाळ्यांचा लाकडी साचा: जोडीने राबणाऱ्यांसाठी

शिरवाळ्यांना, म्हणजे नारळाच्या गोड रसात खायच्या तांदळाच्या शेवयांना, पितळी सोऱ्या पुरतो असं वाटत असेल, तर उकळत्या पाण्यातून काढलेला पिठाचा गोळा एकदा त्यात घालून पाहा. पितळ लगेच तापतं, हातात धरवत नाही आणि फडकं गुंडाळेपर्यंत गोळा निवून घट्ट होतो. मालवणकडच्या सुताराने फणसाच्या लाकडात घडवलेला हा साचा इथेच बाजी मारतो. बाहेरून हाताला चटका नाही, आतला गोळा गरमच.

रचना साधी. चार पायांचं 35 सेंमी उंच स्टूल, मधोमध 5 सेंमी रुंद आरपार भोक, तळाशी पितळी जाळी. वर एका टोकाला खिळीने अडकवलेली दांडी आणि तिला दट्ट्या. खिळीपासून दट्ट्या 15 सेंमीवर, हाताची पकड 60 सेंमीवर, म्हणजे जोर चौपट मिळतो. तरीही हे एकट्याचं काम नाही. एकाने दांडी दाबायची, दुसऱ्याने झाऱ्याने गोळा काढून भोकात टाकायचा आणि लगेच खाली तेलाचा हात लावलेली ताटली फिरवत धरायची. घोवान दाबूचा, बायलेन फिरवूचा (नवऱ्याने दाबायचं, बायकोने फिरवायचं), अशी जुनी वाटणी. ती उलटही करून पाहा, कारण ताटली फिरवणाऱ्याचा हात हलका लागतो आणि तो दोघांपैकी कोणाचा आहे हे एका घाण्यात कळतं.

साचा कितीही चांगला असला तरी उकड चुकली की संपलं. तांदूळ जुना घ्या, नव्याचं पीठ चिकट होतं. धुऊन सावलीत वाळवून बारीक दळा. 2 वाट्या पिठाला 2 वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, 1 चमचा तेल. पाणी खळखळलं की पीठ घालून ढवळा, झाकून मंद आचेवर 2 मिनिटं वाफ द्या, मग गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. लांबट गोळे वळा, भोकापेक्षा किंचित बारीक. ते उकळत्या पाण्यात सोडा आणि वर तरंगले की आणखी 3-4 मिनिटं ठेवा. पाण्यात गोळा फुटला तर मळणं कमी पडलंय. दाबताना फट्‌ आवाज होऊन तार तुटली तर गोळा लहान होता, भोकात हवा राहिली. दांडीवर लोंबकळायची वेळ आली तर गोळा निवलाय. तो परत पाण्यात टाका, जोर करू नका; खिळ मोडते ती अशाच वेळी.

रसाला एका मोठ्या नारळाचं दाट दूध, पाऊण वाटी किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ. गूळ दुधातच विरघळवा, गॅसवर चढवू नका, दूध फुटतं. केरळातला इडिअप्पम आणि गोव्यातल्या शेवयो याच घराण्यातल्या, पण केरळात बहुतेकदा आधी तार पाडून मग वाफवतात. आपल्याकडे गोळा आधी शिजतो, म्हणून शिरवाळी जास्त लवचीक.

आता तक्रारी. पाय नीट समतल नाहीत, गुळगुळीत लादीवर स्टूल सरकतं. खाली गोणपाट घालावं लागतं. जाळी खिळ्यांनी ठोकलेली आहे, ती काढता-घालता यायला हवी होती. भोकांत वाळलेलं पीठ मग माडाच्या हिराने (पात्याच्या मधल्या काडीने) एकेक करून टोचत बसावं लागतं, आणि हे काम दोघांपैकी कोणालाच नको असतं. साचा पाण्यात भिजत ठेवायचा नाही, लाकूड फुगून दट्ट्या अडकतो. पावसाळ्यात तर नुसत्या दमट हवेनेही अडकतो. नवा साचा आला की भोकाला आणि दट्ट्याला खोबरेल लावून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा लावा. पहिला घाणा तरीही थोडा चिकटतो, तो फेकायच्या तयारीने करा.

मागवताना सुताराला दोन गोष्टी आधीच सांगा: जाळीला खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि दट्ट्याभोवती नखभर जास्त मोकळीक.