गोबरगॅसवरचा मॅनोमीटर : आठ महिने आणि एक भांडण

आधी दोन स्टार दिले होते, ते आज साडेतीन करतोय.

वस्तू सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅक्रिलिकची यू आकाराची नळी, गॅसचा दाब मोजणारी, मधे पट्टी, शून्य मध्यावर, वर-खाली पन्नास-पन्नास सेंटीमीटर. जूनमध्ये कोल्हापूरच्या उद्यमनगरातून घेतली. वडणग्याला आमचा दोन घनमीटरचा दीनबंधू प्लँट आहे, रोज 50 किलो शेण जातं. तरंगत्या टाकीच्या प्लँटला दाब जवळपास एकसारखा राहतो. दीनबंधूचा घुमट पक्का, त्यामुळं दाब दिवसभर चढतो-उतरतो. सकाळच्या भाकरीला गॅस पुरेल का, एवढंच मला कळायला हवं होतं. आधीचा काट्याचा गेज ओल्या गॅसनं गंजून एकाच आकड्यावर बसला. नळीत गंजायला काही नाही, म्हणून ही.

दुकानदार सोबत नळीत भरायच्या लाल तेलाची बाटली देत होता, 220 रुपये. म्हटलं, विहिरीत पाणी फुकट आहे. घरी आणून चिमूटभर पिंजर घातलेलं पाणी भरलं. इथंच माशी शिंकली.

मोजायची रीत सोपी. एका बाजूचं पाणी शून्याखाली किती गेलं आणि दुसरीकडं वर किती चढलं, याची बेरीज. (एकच बाजू बघून निम्मा दाब सांगणारे आमच्या गल्लीत दोघे आहेत.) नळी जाड की बारीक, यानं फरक पडत नाही. मात्र तिरकी टांगली तर आकडा फुगतो, म्हणून ओळंबा लावूनच बसवा.

पावसाळाभर पहाटे 54 सेंटीमीटर दिसायचं. प्लँट बांधणाऱ्या गवंड्यानं 65 सांगितलेलं. म्हणजे कुठंतरी गळती! साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघितले, एक बुडबुडा नाही. डिसेंबरात थंडीनं शेण कुजणं मंदावलं, आकडा 43 वर आला आणि मी गवंड्याला फोनवर नको ते बोललो. दुकानदारालाही झापलं. तो एकच घोकत होता, "आमचं तेल भरा." वाटलं, बाटली खपवतोय. दोन स्टार त्याच रात्रीचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गवंडी आपली लेव्हलची नळी घेऊन दारात हजर. पाणी भरून तिचा यू केला, माझ्या नळीशेजारीच गॅसला जोडला, टेप लावला. 52. माझ्या पट्टीवर 43.

"अण्णा, पाणी दोन्हीकडं बरोबर हाय. तुमची पट्टी ताणलीया."

टेप पट्टीवरच धरला. छापलेले 10 सेंटीमीटर प्रत्यक्षात 12.1 भरले. फसवणूक म्हणून ओरडणार, तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात बारीक 0.826 दिसलं. इतके महिने मी तो मॉडेल नंबर समजत होतो. ती त्या लाल तेलाची सापेक्ष घनता. तेल पाण्यापेक्षा हलकं, तेवढ्याच दाबाला जास्त चढतं. वाचताना थेट पाण्याचे सेंटीमीटर मिळावेत म्हणून पट्टी तेवढी ताणून छापलेली. मी तिच्यात पाणी ओतून सहा महिने सतरा टक्के दाब गिळत होतो.

पावसाळ्यातले 54 म्हणजे खरे 65, गवंड्याचाच आकडा. 0.65 मीटर गुणिले 1000 गुणिले 9.8, म्हणजे 6370 पास्कल, बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, इथल्या हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. दोन्ही मिळवले की आमच्या घुमटात जवळजवळ समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेइतका दाब होतो. उपयोग शून्य, पण रत्नागिरीच्या मेहुण्याला सांगून झालंय.

मग दीड स्टार का कापले? 'फक्त तेल भरा' हे ठळक छापायला किती शाई लागते?

तेल मी अजून घेतलेलं नाही. गॅसमधली वाफ थंड होऊन नळीत पाणी उतरतं. पाण्यात पाणी मिसळलं तर दोन्ही बाजू सारख्याच चढतात, फरक तोच राहतो. तेलाखाली पाणी साचलं की हिशोब बिघडणार. त्यापेक्षा शिंप्याचा टेप 20 रुपयांना आणून छापील पट्टीवर चिकटवलाय. झकास चाललंय.

गवंड्याची त्या दिवसाची हजेरी 800 रुपये द्यावी लागली. शिवाय दोनदा चहा.