बुजवलेला खोलगा: ७ फूट २ इंची सर्फबोर्डाचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बोर्डाची रुंदी, जाडी आणि लिटर (म्हणजे त्याचे आकारमान) यांची माहिती विक्रेत्याच्या पानावर असतेच, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. तीन फिनचा, म्हणजे तळाशी शेपटीकडे तीन उभी पाती असलेला, हा मिड-लेंथ (मध्यम लांबीचा) बोर्ड आहे आणि मी लिहिणार आहे ते केवळ त्याच्या तळाविषयी, कारण दुरुस्तीच्या नावाखाली त्या तळाचे जे करण्यात आले त्याचा संताप अजून शमलेला नाही.

मुळात तळ असा होता: नाकाकडे किंचित फुगीर, मधल्या भागात एकच उथळ खोलगा, फिनांच्या दरम्यान त्याच खोलग्याचे डावे-उजवे दोन भाग आणि अगदी शेवटी हलकासा व्ही, म्हणजे इंग्रजी V सारखा मधोमध उंचवटा. विशाखापट्टणमहून नागपूरला परत येताना रेल्वेच्या मालडब्यात शेपटीजवळ खोक पडली. आपल्याकडे सर्फबोर्ड दुरुस्त करणारे कोणी नसल्यामुळे, फायबरग्लासच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात बोर्ड दिला. साडेतीन हजार रुपये मोजून तो हाती आला तेव्हा काम चकचकीत दिसत होते; मात्र उजव्या फिनच्या आतल्या बाजूचा खोलगा पुट्टीने भरून, घासून सपाट करण्यात आला होता. तळावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून मागून टॉर्च धरला, तर डावीकडे पट्टीखालून प्रकाशाची बारीक कमान दिसे, तिची मधली उंची सुमारे चार मिलिमीटर. उजवीकडे प्रकाशाची रेघसुद्धा येत नव्हती. हे दाखवल्यावर उत्तर मिळाले, “चार मिलिमीटरनं पाण्याला काय कळणार आहे?”

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर, परवानगी घेऊन, स्थिर पाण्यात पॅडलिंग केले तेव्हा नाइलाजाने मान्य करावे लागले की पाण्याला खरोखरच काही कळत नव्हते. बोर्ड दुरुस्तीपूर्वीइतकाच सरळ आणि तितकाच सहज जात होता. याचे कारण उघड आहे. हातांनी वल्हवताना वेग साधारण माणसाच्या चालण्याइतकाच असतो. त्या वेगाला बोर्ड पाणी बाजूला सारत तरंगत असतो, आपले वजन उचलते ती प्लावक शक्ती, आणि विरोध येतो तो मुख्यतः पाण्याच्या घर्षणाचा आणि बोर्ड स्वतःच उठवत असलेल्या लाटांचा. तेथे लांबी, लिटर, रॉकर म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतचा बाक, आणि छाती बोर्डावर नेमकी कोठे टेकली आहे, यांचा हिशेब मोठा असतो. शेपटीतल्या उथळ खोलग्याचा वाटा इतका लहान असतो की तो हातांना जाणवत नाही. त्यामुळे पॅडलिंग सोपे व्हावे म्हणून कोणी डबल कॉन्केव्हचे, म्हणजे अशा दुहेरी खोलग्याचे, जादा पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

तळाच्या ज्या भागाने पॅडलिंगमध्ये मला मनापासून आनंद दिला तो नाकाचा फुगवटा. दुपारी वारा सुटून खिंडसीच्या पाण्यावर बारीक लाटा उठतात, तेव्हा सपाट नाकाचा बोर्ड त्यांवर आपटत राहतो. हा मात्र पाणी दोन्ही बाजूंना सारत शांतपणे पुढे सरकतो.

एवढ्यावरच थांबलो असतो तर कारखानदाराशी भांडायला मुद्दा उरला नसता, परंतु विशाखापट्टणमजवळच्या ऋषिकोंड्याच्या किनाऱ्यावर मत पार बदलले. लाट बोर्डाला ढकलू लागली की वेग वाढतो आणि बोर्ड पाणी सारण्याऐवजी पाण्यावर घसरू लागतो. आता वजन पेलते ते तळावर आदळणाऱ्या पाण्याचे दडपण, आणि ते पाणी कडांकडे निसटू पाहते. मधला खोलगा त्याचे बाजूला पसरणे रोखून त्याला शेपटीकडे वळवतो, म्हणून उचल मिळते. शिवाय खोलग्यामुळे मध्यरेषेवरचा रॉकर कडांच्या रॉकरपेक्षा सपाट होतो, त्यामुळे बोर्ड सरळ रेषेत वेगाने धावतो आणि वळताना कडेचा बाकही कामी येतो. फिनांमधली दुहेरी रचना या उचलीला दोन भागांत विभागते आणि मधल्या उंचवट्यामुळे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झुकणे सोपे करते. माझ्या बोर्डावर हे काम डाव्या बाजूलाच होत होते. डावीकडे तो चटकन झुके, उजवीकडे झुकवताना क्षणभर अडखळे, आणि सरळ धावतानाही मागच्या पायाखाली दोन्ही बाजू सारख्या बसत नसत. ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसन यांनी १९८० साली घडवलेल्या आणि नंतर रूढ झालेल्या तीन फिनांच्या मांडणीत बाजूच्या फिनांजवळून वाहणारे पाणी वळणासाठी किती मोलाचे असते, हे पायांना यापेक्षा स्पष्ट कळणे कठीण.

पॅडलिंगविषयीचे वरचे विधानही येथे थोडे सुधारून घेतो. लाट पकडण्याआधीचे शेवटचे दोन-चार हात हे साध्या पॅडलिंगपेक्षा वेगळे असतात, कारण बोर्ड तेव्हा तरंगण्याकडून घसरण्याकडे जात असतो. मध्यरेषा सपाट असेल तर हा टप्पा लवकर गाठता येतो. मधला खोलगा शाबूत असल्यामुळे माझ्या बोर्डाने येथे कधीही दगा दिला नाही.

अखेर किनाऱ्यावरच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने डाव्या खोलग्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापला, तो उलटा करून उजवीकडे लावत-लावत पुट्टी घासली आणि वरून नवे कापड व रेझिन चढवले. पट्टी आणि टॉर्च लावून पाहिले, आता दोन्ही कमानी सारख्या दिसतात आणि उजवीकडचे अडखळणे संपले आहे. बोर्ड मी विकणार नाही. नागपूरच्या कारखानदाराने अर्धी रक्कम परत देण्याची तयारी दाखवली आहे. मी पूर्ण साडेतीन हजारांवर ठाम आहे, आणि तो पुठ्ठ्याचा साचा पुढच्या भेटीत त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे.