जुनी मोझॅक घासायची की वरून टाइल्स बसवायच्या?

नागपुरातल्या ऐंशीच्या दशकातल्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर पायाखाली बहुधा मोझॅकच असेल. करडी किंवा हिरवट, मधेमधे डागाळलेली. घराला नवं रूप द्यायचं ठरलं की सगळ्यांची नजर आधी तिच्यावरच जाते. सगळी फोडून नवी बसवणं बेताच्या बजेटात बसत नाही, शिवाय मलबा खाली उतरवायचा. उरतात दोन वाटा: आहे त्या फरशीवरच व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवायच्या, किंवा तीच घासून पॉलिश करून घ्यायची. लक्ष्मीनगरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी मी दोन्हींचे भाव काढले, दोन्ही तऱ्हेची घरं पाहिली आणि घिसाई करून घेतली.

टाइल्सचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. हळद-तेलाचे डाग त्यांच्यात मुरत नाहीत, पुसायला सोप्या, आणि अंधारा हॉल एकदम उजळतो. घरात लोक राहत असतानाही एकेक खोली करत काम उरकता येतं. भाड्याने द्यायचं घर असतं तर मी कदाचित टाइल्सच लावल्या असत्या.

अडलं ते उंचीवर. टाइल ८ ते १० मिलिमीटर जाड, तिच्याखाली चिकटवायचा मसाला ३ ते ६ मिलिमीटर. म्हणजे अर्धा इंच धरा. ऐकायला काहीच नाही. पण जुन्या घरात दाराखाली अर्ध्या इंचाची फट कुठे असते? आमचे दरवाजे सागवानाचे, आजही न वाकलेले. मिस्त्री सहज म्हणाला, "भाऊ, दरवाजे त कापाच लागते." कापायचे, खालची कड पुन्हा रंगवायची, जमिनीतल्या कडीचं भोक नव्याने पाडायचं. भिंतीतल्या कपाटांची खालची दारं उघडेनात, तर तीही कापायची. यातलं काहीच टाइल्सच्या भावात धरलेलं नव्हतं.

हेही मी सोसलं असतं. पण आई पाय थोडे ओढत चालते. आमची न्हाणी आधीच इंचभर खाली आहे, ती आता दीड इंच खाली गेली असती. पैसे वाचवायला फक्त हॉलमध्ये टाइल्स लावल्या, तर तो अर्धा इंच प्रत्येक खोलीच्या दारात येऊन बसतो. ओळखीच्या एका घरी अशीच जोडावर पट्टी होती आणि आईचा पाय नेमका तिथे अडखळला. इंचभराची पायरी डोळ्यांना दिसते, अर्धा इंच दिसत नाही. माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला.

घिसाई मात्र सुखाची नाही. आधी भरड, मग बारीक होत जाणारे ६०, १२०, ३२० नंबरचे दगड पाण्यासोबत फिरतात आणि सगळीकडे करडी राड होते. ती न्हाणीच्या जाळीत जाऊ देऊ नका, पाइपात सिमेंट बसतं. भिंतींवरही शिंतोडे उडतात, म्हणून रंगकाम नंतरच काढा. पहिल्या घासणीनंतर बारीक छिद्रं फरशीच्या रंगाच्या सिमेंटने भरतात आणि ती काही दिवस ओली ठेवावी लागतात. इथे मिस्त्री घाई करतात, करू देऊ नका. फुटलेल्या फरश्यांच्या जागी पलंगाखालच्या काढून बसवा, बाजारातली नवी रंगाला जुळत नाही. पुढेही जपावं लागतं: लिंबू किंवा अ‍ॅसिडवाला क्लीनर सांडला की चमक जाते, लोखंडी कूलर-स्टँडखाली गंजाचा डाग पडतो.

तरी मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, दुपारी या फरशीवर चटई न टाकता पडता येतं. टाइल्सही गार असतात म्हणा. मला मोझॅक अधिक गार वाटते, पण मोजून पाहिलेलं नाही. कूलरचं पाणी सांडलं तर गुळगुळीत टाइलइतकी ती घसरत नाही, एवढं मात्र पायांना नक्की जाणवतं.

मला मिळालेल्या भावांत घिसाई टाइल्सच्या निम्म्याहूनही स्वस्त पडली. उरलेल्या पैशांत जुनी वायरिंग काढून एमसीबी बसवले, एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन घेतली आणि पिवळट पडलेल्या ऑइल पेंटच्या जागी फिका रंग दिला. घर जुनाट दिसत होतं ते बरंचसं त्या भिंतींमुळे आणि एकुलत्या ट्यूबलाइटमुळे, हे काम झाल्यावर लक्षात आलं.

घिसाई सगळ्यांनाच जमेल असं नाही. नाण्याने फरशी वाजवून पाहा. बऱ्याच जागी पोकळ आवाज आला तर ती घासून उपयोग नाही, आणि तिच्यावर टाइल्सही टिकायच्या नाहीत. तळमजला काळ्या मातीवर असेल आणि फरशी खचत असेल, तर फोडून खालचा भराव नीट करण्यावाचून गत्यंतर नाही. मोझॅकमधल्या दगडी दाण्यांचा वरचा थर जेमतेम ५-६ मिलिमीटरचा असतो. पूर्वी अनेकदा घिसाई झाली असेल तर तो किती उरलाय ते एखादी सुटी फरशी काढून बघा. बाकी कोणी विचारलं तर मी एवढंच सुचवेन की टाइल्सची ऑर्डर देण्याआधी मिस्त्रीकडून पलंगाखालच्या चार फरश्या घासून घ्या. तो नमुन्याचे वेगळे पैसे मागेल, ते द्या.