घुमटाची आरती की स्पीकरवरची?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या आमच्या वाड्यावर घुमट या मडक्याच्या वाद्यावरची आणि स्पीकरवरची, दोन्ही आरत्या ऐकू येतात. स्पीकरवरची आरती सुरेल, शब्द स्पष्ट. घरात दोनच म्हातारी माणसं असतील तर तिचा मोठा आधार, डोळे तिनेही भरून येतात.

पण मला विचाराल तर घुमटच. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (झांजा) सुरू झाले की कोणी नुसतं हात जोडून उभं राहत नाही. काका उजव्या हाताने कातड्यावर थाप मारतात, डाव्या तळव्याने मडक्याचं दुसरं तोंड झाकत-उघडत घुमार काढतात. (पूर्वी घोरपडीचं कातडं असे, आता बकरीचं.) २०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य ठरलं. यंदा मुंबईहून आलेल्या भाच्याने पहिल्यांदा शामेळ हाती घेतलं, ते शेवटच्या आरतीपर्यंत सोडलंच नाही.