व्हाळावरचा तयार लाकडी पूल: माल चांगला, सेवा नाही

कुळागरात सुपारीचा पिकअप न्यायला हा पूल घेतला. फळ्या उभ्या कडेवर एकमेकींना लावून आरपार पोलादी सळ्यांनी आवळायच्या, ही कॅनडातल्या ओंटारियोत १९७६ मध्ये आलेली पद्धत. क्रेनने भाग उतरवले, जोडले, झालं. कामात खोट नाही. भरलेली गाडी गेली तरी फळी जागची हलत नाही.

पण लाकूड आकसलं की सळ्या ढिल्या पडतात, सुरुवातीच्या काही आठवड्यांत पुन्हा ताणाव्याच लागतात. विकणारा यावर गप्प! फोन केला तर म्हणे, ‘चवथ झाल्यावर बघू.’ शेवटी वाळपईच्या एका मेस्त्रीने जॅक लावून ताणल्या. त्याचे पैसे वेगळे. पावसात शेवाळ धरतं, तेव्हा वरची फळी खडबडीतच मागा. काठाचे टेकू मात्र आमचे जांभ्याचे.