गट नंबर ११४, शके १७९०

६१,३५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "काका, नेमके किती गेले हो?" याला भेटेल तिथे उत्तर देत बसायला नको. वंशावळ शोधून देतो म्हणणाऱ्या एका भामट्याकडे पाच वेळा मिळून गेले. चार वेळा मी स्वतःच्या बोटाने मोबाईलवरून पाठवले आणि एकदा रोख दिले, पावती न घेता. एकतीस वर्षं विकास सोसायटीत गटसचिव होतो. पावती न घेता पैसे ठेवून जाणाऱ्या शेतकऱ्याला मी दारातून परत बोलवायचो.

शोध होता खापरपणजोबांच्या घराचा. घरात ऐकत आलेलं एवढंच, की १८७६ च्या मोठ्या दुष्काळात दोघे भाऊ गाव सोडून निघाले. एक मुंबईकडे गेला तो गेलाच. दुसरा पाऊस पडल्यावर परत आला, आम्ही त्याचे. आई ८८ वर्षांची आहे. मुंबईला गेलेल्याचं पुढे काय झालं, त्याला पोरंबाळं होती का, हे तिला मरायच्या आत कळायला हवं होतं. आणि लपवत नाही, नातवाच्या ओबीसी जातीच्या दाखल्याचा मोहही होता. २०२३ पासून आमच्याकडे जो तो जुन्या नोंदी धुंडाळतोय. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यात कुणाला १८८०-९० सालचा नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद, सापडला की तो अख्ख्या भावकीत मिरवतो. मलाही मिरवायचं होतं.

भावकीच्या मेळाव्यात हा भेटला. वय चाळिशीचं, खांद्याला शबनम, बोलणं लोण्यासारखं. स्वतःला 'वंशावळ अभ्यासक' म्हणवायचा. पेशवे दप्तर, इनाम कमिशन, सूडपत्र, पुडीपत्र असे शब्द असे फेकायचा की समोरच्याने मान डोलवावी. मी डोलवली. आईच्या पायाही पडला.

हिशेब असा. नोंदणीचे २,१००. पुण्याच्या पुराभिलेखागारात 'आठ दिवस बसून' शोध घेतल्याचे ११,५००. मोडीचं लिप्यंतर १८,०००. 'साक्षांकित प्रत आणि शिक्का' २४,७५०, हेच ते रोख. शेवटी लंडनला कंपनी सरकारची कागदपत्रं आहेत, तिथून मुंबईला गेलेल्या भावाचा माग काढायचे ५,०००. लंडनला तशी कागदपत्रं खरंच आहेत, खोटं तेवढं नाही. खोटं एवढंच, की हा लंडन सोडा, पुण्यालाही गेला नव्हता.

आता ती दुपार. त्याने ओसरीवर पिवळा कागद उलगडला. वर मोडी, खाली बालबोध. मी चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवला. "शके १७९०, प्रमाथीनाम संवत्सरे." पुढे खापरपणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बायकोचं नाव गोदावरी, दोन मुलं. आणि त्यांची जमीन, "गट नंबर ११४ पैकी."

हे मी वाचलं. माझ्या तोंडाने.

आमच्या गावात गटवारी झाली तेव्हा मी शाळेत होतो. जमिनीचे तुकडे जोडून गट पाडायचा, एकत्रीकरणाचा कायदाच मुळी १९४७ चा. त्याआधी सर्व्हे नंबर होते, आणि सर्व्हेही इंग्रजांनी आणला, १८३६ पासून, इंदापुराकडून सुरुवात करून. त्याच्याही मागे जा, शेत ओळखायचं ते थळाच्या नावाने. शके १७९० म्हणजे १८६८. त्या साली गट नंबर? एकतीस वर्षं सातबारे हाताळलेला माणूस मी, कर्जाच्या प्रकरणात गटाचा एक आकडा चुकला तर कागद फेकून द्यायचो. आणि त्या दुपारी मला वाटलं काय, तर "अरे वा, गट आपलाच निघाला!" छाती भरून आली. आकडा जुळला म्हणून आनंद झाला. तो आकडा त्याला कुठून मिळाला? पहिल्याच दिवशी 'संदर्भासाठी' म्हणून माझ्याकडून सातबारा नेला होता. वरून आई रडत होती. डोळे पुसत "गोदावरी" म्हणत होती. अशा वेळी कोण संवत्सर, म्हणजे त्या शकाच्या वर्षाचं नाव, तपासतो, सांगा.

तपासायला हवं होतं. जिल्ह्याच्या गावी एक निवृत्त मोडी वाचक आहेत, त्यांच्याकडे गेलो तो आणखी मान मिळवायला. त्यांनी कागद उजेडाला धरला आणि विचारलं, "हे कुणी टाईप केलं?" मग एकेक दाखवत गेले. मोडी लिहिताना आधी ओळ आखून घ्यायचे आणि बोरू न उचलता अक्षरं लटकवत जायचे, शब्द सुटे करायचा रिवाज नाही. इथे प्रत्येक शब्दानंतर नीट जागा सोडलेली, वाक्याला पूर्णविराम. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते, इथे शुद्धलेखन शाळामास्तरासारखं. जुन्या कागदात माणूस 'अमका वलद तमका', म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, असा असतो, आडनाव असलं तर असलं, बायकोचं नाव क्वचितच. आणि शके १७९० चा संवत्सर विभव, प्रमाथी नव्हेच. पंचांगवाला पोरसुद्धा हे सांगेल, म्हणाले. पैसे एक रुपया घेतला नाही, चहा पाजला. त्या चहाची लाज अजून जात नाही.

कुणाला कागद वाचून घ्यायचा असेल तर ज्याने आणला त्याच्याकडून घेऊ नका. आणणारा एक, वाचणारा दुसरा.

पण माझी आणखी एक घाई झाली होती. मोडी वाचकांकडे जायच्या आधीच मी तो कागद दाखल्याच्या अर्जाला जोडून बसलो होतो. परत मागायला गेलो तर तिथला कारकून म्हणतो, "बनावट कागद तुम्ही दाखल केलाय, गुन्हा तुमच्यावर होऊ शकतो." चोर सोडून फिर्यादीला दटावणी! पोलीस ठाण्यात गेलो. "काका, पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हा दिवाणी मामला." सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन लावला. तिथून तक्रार क्रमांक मिळाला आणि पैसे जाऊन महिने झालेत हे ऐकायला मिळालं. रोखीचं तर नावच घेऊ नका. ठाण्याने जिल्ह्याला पाठवलं, जिल्ह्याने हद्द विचारून ठाण्याला. तीन खेपा, एसटीचं भाडं धरलं तर ६१,३५० चा आकडाही खोटा ठरेल.

आणि मला सांगा, मी त्या भामट्याकडे गेलोच का? आधी सरळ वाटेनेच गेलो होतो. अभिलेख कक्षात चार वेळा. एकदा चावीवाला रजेवर, एकदा मीटिंग, एकदा "ते दप्तर स्कॅनिंगला गेलंय", एकदा नुसतंच "उद्या या". दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तर एकोणतिसाव्या दिवशी उत्तर: अभिलेख जीर्ण असल्याने आढळून येत नाही. जीर्ण आहे म्हणजे आहे ना? मग आढळत कसा नाही? हे दार उघडं असतं तर शबनमवाल्यांची दुकानं चालली नसती. तरी अर्ज टाकाच, आणि लेखी उत्तराशिवाय उठू नका. त्या उत्तरावर अपील तरी करता येतं.

शेवटी जे व्हायचं ते फुकटात झालं. नाशिकला पंचवटीत गेलो, गाव आणि आडनाव सांगितलं. आमच्या गावाचे तीर्थोपाध्ये, म्हणजे तीर्थाला आलेल्यांची नावं वहीत ठेवणारे पुरोहित, कोण हे विचारत विचारत दीड तासात सापडले. त्यांनी नामावळीची वही काढली. शके १८३१ मध्ये पणजोबा तिथे येऊन गेलेले. वडिलांचं नाव, चुलत्याचं नाव, त्या चुलत्यापुढे "मुंबई". एवढंच. नावं त्या पिवळ्या कागदापेक्षा सगळी वेगळी. मी राजीखुशीने ५०१ ठेवले. तुमच्या घरातलं कुणी पूर्वी नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर करून आलं असेल तर आधी तिथे जा. मोबाईलवर पैसे मागणाऱ्याकडे नंतरही जाऊ नका. आणि सातबारा कुणाच्या हातात देऊ नका, 'संदर्भासाठी' तर मुळीच नको.

आईला खरं नाव सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गोदावरी कोण?"

तो अजून भावकीच्या ग्रुपवर आहे. गेल्या रविवारी त्याने 'दुसरी शोधमोहीम' जाहीर केली, नोंदणी २,१००. तिघा पुतण्यांनी अंगठे उंचावले. मी खाली लिहिलं की हा माणूस खोटा आहे, तर थोरल्या पुतण्याने फोन करून समजावलं, "आण्णा, तुमचं काम झालं नाही म्हणून दुसऱ्याचं अडवू नका." पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. ॲडमिन तोच आहे.